नावेचा नांगर

आमच्या गल्लीतल्या आण्णा चौगुल्यांनी आपल्या नावेला नांगर बांधला, तो माझ्यामुळे. नांगर म्हणजे जहाजाचा नव्हे. शेतातला, बैल जोडून ओढतात तो, लोखंडी फाळाचा. गडमुडशिंगीच्या मेहुण्याकडून तो त्यांनी सायकलच्या कॅरिअरवर आडवा बांधून आणला आणि वाटेत भेटेल त्याला सांगितलं, "मास्तर म्हणालं, नावंला नांगर पायजे." ते मास्तर म्हणजे मी. चूक माझी आणि ती मी जाणूनबुजून केली. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं आण्णांना हसताना थोडं हसू माझ्याही वाट्याला ठेवाल.

आण्णांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. पंक्चर काढता काढता गल्लीची निम्मी भांडणं ते तिथंच मिटवत आणि उरलेली निम्मी लावूनही देत. दुकानापुढं एक बाकडं होतं. सायकल न्यायला आलेला माणूस त्यावर तासभर बसे आणि शेवटी चालतच घरी जाई. पुढं थोरल्या मुलानं दुकान हाती घेतलं. तो व्यवहाराचा माणूस. त्यानं बाकडं काढलं आणि तिथं काचेचं कपाट ठेवलं. आण्णांनी बाकड्याची फळी तेवढी उचलून घरी आणली.

त्यानंतर महिन्याभरानं त्यांनी नाव करायला काढली.

पंचगंगेच्या मधोमध बसून गळ टाकायचा आणि मरळ धरायची, ही म्हणे त्यांची लहानपणापासूनची इच्छा. काठावरून गळ टाकणारे शंभर होते. आण्णांना मध्यावर जायचं होतं. आमच्याकडं पूर आला की गुळाच्या काहिलीत बसून माणसं पाणी ओलांडतात, तेव्हा मी म्हटलं, "एखादी काहीलच घ्या की."

"काहील गोल असती, मास्तर. पाण्यात गरागरा फिरती. मासं धरायचं का भवरा खेळायचा?"

मग त्यांनी एका गुऱ्हाळातली मोडकी काहील आणली आणि लोहाराकडून तिचा पत्रा उलगडून एका माणसापुरती लांबट, अरुंद नाव करून घेतली. आत बैठकीला बाकड्याची ती फळी लांबीच्या बाजूनं टाकली. चारच दिवसांचं काम. पाचव्या दिवशी नाव पाण्यात सोडता आली असती. एक वल्हं, एक गळ आणि आण्णा, एवढंच तर लागणार होतं.

पण पाचव्या दिवशी आण्णा म्हणाले, "एक घंटी तेवढी बसवतो. एवढं एक झालं की सोडायचीच बगा."

हे वाक्य मी पुढं वर्षभर ऐकलं.

घंटी सायकलची. नदीत आडवं कोण येणार, असं मी विचारलं. "म्हशी," आण्णा म्हणाले. घंटीमागून कॅरिअर आलं. कॅरिअरवर गांडुळं ठेवायला पानाचा डबा आला. त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, पानाचा डबा त्याच दिवशी हरवला होता, पण तो विषय त्या घरात जपून काढावा लागे. मग डायनामोचा दिवा आला. डायनामोला फिरणारं चाक लागतं, म्हणून एक चाक आलं. चाक आलं म्हणून मडगार्ड आलं.

"आण्णा, नदीत चिखल कुठं उडतो?"

"चिखल न्हाय, पाणी उडतंय की!"

संध्याकाळी शाळा सुटली की मी त्यांच्या अंगणात डोकावायचो. आण्णा नावेशेजारी उकिडवे बसलेले असत. मला पाहिलं की लगेच, "या मास्तर. काय वाटतंय, आणि काय राह्यलंय?" माझ्याच काय, रस्त्यानं जाणाऱ्या पाहुण्यालाही हाच प्रश्न. आणि कोणी काही सुचवलं की ते पुढच्या आठवड्यात नावेवर दिसायचंच. दूधवाल्यानं सुचवलं म्हणून किटली अडकवायचा आकडा आला. न्हाव्यानं सुचवलं म्हणून आरसा आला.

माझी बुद्धी फिरली ती इथं. मी छत्री उभी करायला नळी सुचवली, निव्वळ गमतीनं. चार दिवसांत नळी बसली. मी शाळेत ती गोष्ट रंगवून सांगितली. शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. आमचे भूगोलाचे देशपांडे तर टेबलावर डोकं ठेवून हसले. मग दर सोमवारी विचारणा होऊ लागली, "काय मास्तर, या आठवड्यात नावेवर काय?" आणि सांगायला काही असावं म्हणून मी दर शनिवारी काहीतरी सुचवू लागलो. स्टोव्हला खाच. ट्रान्झिस्टरला पिशवी. नाव उभी करायला सायकलचं स्टँड.

एकच सूचना त्यांनी मानली नाही, आणि ती तेवढी मी मनापासून केली होती. "आण्णा, ही फळी लांब होतेय. निम्मी कापा, जागा होईल."

"फळी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

काकू चुलीपुढून सगळं ऐकत असत. "मास्तर, तुमी शिकल्यालं माणूस," त्या एकदा म्हणाल्या, "ह्येनला जरा सांगा की. अंगणात पाय ठेवायला जागा न्हाय. संक्रांतीपतोर ही नाव पाण्यात न्हाईतर भंगारात. मी काय तिसरं ऐकून घ्यायची न्हाय."

आण्णा माझ्याकडं पाहून हळूच म्हणाले, "एवढं एक झालं की सोडायचीच."

त्याच शनिवारी मी देशपांड्यांना घेऊन गेलो. मुंबईची गोदी पाहिलेले गृहस्थ, अशी त्यांची ओळख करून दिली. देशपांड्यांनी नावेभोवती दोन फेऱ्या मारल्या, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सगळं उत्तम आहे. पण नांगर कुठाय? नांगराशिवाय नाव म्हणजे... मास्तर, तुम्हीच सांगा."

"नांगर पाहिजेच," मी म्हटलं.

आण्णांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं. "नांगर?"

"नांगर."

शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला नांगर म्हटल्यावर काय दिसणार, हे मला पुरतं ठाऊक होतं. एका शब्दाचा खुलासा करायचा होता. तो न करता मी काकूंनी दिलेला चहा प्यायलो.

नांगर आला. दिवाळीनंतरच्या एका रविवारी नाव हातगाडीवरून घाटावर निघाली. गल्ली लोटली. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी पिळे बाजूला ठेवले. आण्णांनी फेटा बांधला होता. नाव पाण्यात शिरली, खूप खाली बसली, पण तरंगली. आण्णा आत बसले. एका बाजूला स्टोव्ह, दुसरीकडं चाक, मागं छत्री, पायाशी नांगर. हलायला जागा नव्हती, पण घंटी वाजवायला होती, ती त्यांनी वाजवली.

पंधरा-वीस हात गेल्यावर देशपांडे काठावरून ओरडले, "आण्णा, नांगर टाका!"

आण्णांनी नांगर उचलला आणि टाकला. तो सायकलच्या साखळीनं नावेच्या काठाला बांधला होता. नांगर गेला, साखळी गेली, तो काठ गेला आणि मग उरलेली नाव गेली. छत्री शेवटी बुडाली. आण्णा कमरभर पाण्यात उभे राहिले. फेटा सुटून पाण्यावर लांबच लांब पसरला होता.

घाटावरून कोणीतरी विचारलं, "आण्णा, नांगरट झाली, पेरणी कवा?"

पुढं पाच मिनिटं घाटावर दुसरं काही ऐकू आलं नाही. मीही हसत होतो, पोट धरून. हसता हसता मान वर केली, तर आण्णा माझ्याकडंच पाहत होते. रागानं नव्हे. खाणावळीत मीठ मागावं आणि कोणी ऐकू नये, तशा चेहऱ्यानं.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत जायला मागची गल्ली धरली. परीक्षा आहेत, वह्या तपासायच्या आहेत, असं स्वतःलाच सांगत राहिलो. स्वतःला सांगायला कारणं लागावीत, यावरूनच ओळखायला हवं होतं. घराच्या गच्चीवरून त्यांचं अंगण दिसे. नदीतून काढून आणलेली नाव पालथी पडली होती. तिच्यावर काकूंनी मिरच्या वाळत घातल्या होत्या. शेजारी कोणी दिसत नसे. आण्णाही नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात काकूंनी मला बाजारात गाठलं.

"मास्तर, सोमवारी भंगारवाला येतोय. तुमचं काय सामान असंल नावंत, तर काढून न्या. नळी तुमची, खाच तुमची, नांगर तर तुमचाच."

मी खाली मान घातली. त्यांचा आवाज जरा उतरला. "मी चिडून बोलले हुते ओ, भंगाराचं. ह्येनी आता खरंच बोलावलाय त्याला. त्या दिसापास्नं अंगणात कुत्रं फिरकलं न्हाय. दुकान गेल्यालं ह्येनी सोसलं. ही नाव गेल्यावर काय करतील, मला म्हाईत न्हाय."

संध्याकाळी मी गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. आण्णा ओट्यावर बसले होते. मला पाहून उठले आणि म्हणाले, "या पावणं, बसा."

पावणं! अनोळखी माणसाला म्हणतात तसं. जुळवलेलं सगळं विसरलो. कसाबसा म्हणालो, "आण्णा, नांगराचा दुसरा अर्थ..."

"जहाजाचा नांगर व्हय? गळासारका आकडा असतोय, साखळीचा. म्हाईत हाय की मला."

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

"मी काय सिनेमा बगितला न्हाय व्हय? त्या दिशीच समजलं, तुमी पोरं चेष्टा करायला लागलाय. पर तुमी दोगं एवढ्या हौसेनं आलता. न्हाय म्हटलं असतं, तर पुढच्या शनवारी आला असता काय?" ते मिरच्यांकडं बघत राहिले. "आणि नाव तरी एका माणसाची. पाण्यात गेली की मी एकटाच की तिच्यात. हितं अंगणात हुती तवर चार माणसं तरी यायची."

घरातून काकूंनी भांडं जोरात आपटलं. मला तेवढा इशारा पुरेसा होता.

"पान्हा आणा," मी म्हटलं.

आम्ही मिरच्या काढल्या, नाव सुलटी केली आणि एकेक वस्तू उतरवायला लागलो. स्टँड, मडगार्ड, चाक, आरसा. माझी नळी मी स्वतः काढली. पानाचा डबा काकूंनी उचलला आणि पदराखाली घातला. आण्णा प्रत्येक वस्तूला "ही ऱ्हाऊ दे की" म्हणत आणि मी "नको" म्हणत असे. घंटी मात्र त्यांनी सोडली नाही. म्हशींचं नाव काढल्यावर मीही हट्ट धरला नाही.

सगळं निघाल्यावर नावेत फक्त बाकड्याची फळी उरली. इतक्या दिवसांत ती सबंध मी प्रथमच पाहिली. मी एका टोकाला बसून पाहिलं. आण्णा दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये आणखी टीचभर जागा उरली.

"मावतंय की ओ, मास्तर," आण्णा म्हणाले.

सोमवारी भंगारवाल्याला उतरवलेलं सामान तेवढं दिलं आणि पुढच्या रविवारी सकाळी आम्ही नदीच्या मधोमध होतो. घाटावर या वेळी कोणी जमलं नव्हतं. नाव नीट तरंगत होती. आण्णांनी गळ टाकला आणि समाधानानं बिडी काढली. मी घसा खाकरला.

"आण्णा, एक बोलायचं आहे."

"हळू बोला. मरळ बिचकंल."

"माफी मागायची आहे."

"मग हळू मागा की. नांगराची असंल तर नको, त्याचं मला काय वाटलं न्हाय."

"नांगराची नाही," मी पुढं वाकून शक्य तितक्या हळू म्हणालो, "त्यानंतर मी आलो नाही, ते चुकलं. माफ करा, आण्णा."