सहा नाणेयंत्रांच्या वीजपुरवठ्याची आणि एका शालीची हकिकत

श्रीगजाननास व शारदेस नमन करून, आणि ज्या लेखणीने पूर्वी एक खोटी नोंद केली तीच धुऊन पुसून पुन्हा हाती घेऊन, शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी जे घडले ते जैसे घडले तैसे लिहितो. वाचणारांनी लिहिणाराची कीव करू नये, त्यास तो पात्र नाही. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण राज्याचा यात दोष थोडा आणि आमचाच फार.

त्या वर्षी श्रावणमासी शेजारच्या राज्याचे राजे पाहुणे आले आणि भोजनोत्तर विडा खाताना सहज बोलून गेले की आम्ही हल्ली नाणी खणतो. महाराजांनी विचारिले, कोणत्या डोंगरात? ते बोलिले, डोंगर कशास, मेजावर खणतो. मग त्यांनी सांगितले की तळहाताएवढी यंत्रे मिळतात, त्यांच्या पोटात एक चिप आणि डोईवर एक पंखा, आणि ती अहोरात्र आकडेमोड करितात, आणि साऱ्या पृथ्वीवरच्या तैशाच यंत्रांशी चढाओढ करून एखादे कोडे आपल्या यंत्राने आधी सोडविले तर अदृश्य नाणे धन्याच्या पदरी पडते. लोक त्यास क्रिप्टोची खाण म्हणतात. हे ऐकून महाराजांस रात्रभर झोप लागली नाही, आणि सकाळी आज्ञा जाहली की आपणही सहा यंत्रे आणावी. यंत्रे आली, पेट्या फोडिल्या, आणि मग ध्यानी आले की यंत्रांस वीज पुरविणारा डबा त्यांसोबत येत नाही, तो आपला आपण निवडावा लागतो. तेव्हा ही निवड कोणी करावी असा प्रश्न पडला.

दफ्तरात सात कारकून, त्यांतील एक हे लिहिणारे आम्ही. पूर्वी एकदा महाराजांचा टेबलपंखा फिरेना, तेव्हा आम्ही त्याची पिन नीट खोचून दिली होती, आणि त्या दिवसापासून वीजशास्त्रात निपुण अशी आमची ख्याती झाली होती. आम्ही ती खोडून काढिली नाही. खोडावीशी वाटलीही नाही. म्हणून निवडीचे काम आम्हांकडे आले आणि आम्ही मिशीवर हात फिरवून ते घेतले. वास्तविक राज्यात अनसूयाबाई तारनीस होत्या, बारा वर्षे राज्यातल्या तारा, बटणे आणि फ्यूज यांचा कारभार त्यांजकडे, आणि त्यांची रीत अशी की कोणतेही यंत्र चालू केले की हाताची उलटी बाजू त्यास लावायची आणि तापते किती ते पाहायचे, मग दुसरे काम. त्यांचा दर्जा आमच्याहून खालचा, म्हणून आम्ही त्यांस बोलाविले ते सल्ला घेण्यास नव्हे, निवड दाखविण्यास.

आम्ही दोन डबे मागवून ठेविले होते. एक बारा व्होल्टचा आणि एक पाच व्होल्टचा, आणि आमचे मन बाराच्या डब्यावर होते, कारण आकडा मोठा. अनसूयाबाईंनी यंत्राच्या पाठीवरचे बारीक अक्षर वाचिले आणि बोलिल्या, "पंत, हे पाच व्होल्टवर चालतं. बारा दिलेत तर आतलं सगळं जळून खाक."

आम्ही बोलिलो, "महाराजांच्या यंत्रांस पाचच?"

"व्होल्ट म्हणजे मानपान नाही हो. मागेल तेवढाच द्यायचा. अँपियर जास्त असले तर चालतात, लागतील तेवढेच ते ओढून घेतं. एक यंत्र चार अँपियर खातं, म्हणजे सहाला चोवीस."

तेव्हा आम्ही पाच व्होल्टचा दुसरा डबा पुढे केला, चाळीस अँपियरचा, लोखंडी, अंगभर जाळी आणि सोनेरी लेबल. तो त्यांनी हाती तोलिला, उलटा केला, आणि बोलिल्या, "आकडा पुरतो. पण एका डब्यावर सहाही जीव टांगू नका. प्रत्येकाला सहा अँपियरचा छोटा अडॅप्टर घ्या, एक गेला तर एकच जाईल. आणि या डब्यावर आतल्या संरक्षणाबद्दल काही लिहिलेलं दिसत नाही, लेबल नुसतं सोनेरी आहे." हे बोलणे रास्त होते आणि ते रास्त आहे हे आम्हांस त्याच क्षणी कळले. परंतु सहा छोटे काळे अडॅप्टर एका रांगेत लोंबताना डोळ्यांपुढे आले, आणि दरबारात ते दाखवायचे कैसे या लाजेने आम्ही बोलिलो की राज्यास सिंहासन एक, तैसा वीजपुरवठाही एकच शोभतो. सभोवतीचे कारकून वाहवा बोलिले. अनसूयाबाईंनी जाड तारा आणविल्या, टोके घट्ट कसून पाच यंत्रे त्या डब्यास जोडिली, आणि सहावे मात्र आपल्या पिशवीतल्या एका छोट्या अडॅप्टरवर लाविले आणि सांगितले, "हे ताडून पाहायला वेगळं ठेवते." आम्ही म्हटले, ठेवा कोपऱ्यात, दिसणार नाही असे.

ऐसे करिता करिता आश्विन शुद्ध नवमी आली. खंडेनवमीस राज्यात सारी हत्यारे, अवजारे, वाहने पुसून मांडावी, त्यांस हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा घालाव्या, आणि त्या दिवशी त्यांस विश्रांती द्यावी, ही रीत पूर्वापार. अनसूयाबाईंस वेशीवरच्या रोषणाईचे काम नेमिले होते, म्हणून त्या सकाळीच निघाल्या, आणि जाताना आम्हांस बोलिल्या, "पंत, पूजेच्या आधी यंत्रं बंद करा, आज त्यांनाही सुटी. कुंकू लावा, पण डब्याच्या जाळीवर काही घालू नका. तिथूनच त्याचा श्वास." आम्ही हो म्हटले. हो म्हटले, हे येथे मुद्दाम लिहितो.

मग पाहुणे आले, मांडव भरला, आणि यंत्रांचे हिरवे दिवे लुकलुकताना पाहून बायकापोरे हरखली, तेव्हा आम्हांस दिवे मालविण्याची बुद्धी होईना. बंद यंत्रे काय दाखवायची, असे मनात आले. यंत्रांस माळा घातल्या, डब्यास हळदकुंकू लाविले, आणि तरीही काही उणे वाटले. राज्यात मानाची शाल एकच, जांभळ्या काठाची, ज्याचा गौरव करायचा त्याच्या खांद्यावर ती घालायची आणि समारंभ आटोपला की घडी करून पेटीत ठेवायची. ती आम्ही स्वतः उठून पेटीतून काढिली आणि स्वतःच्या हातांनी डब्यावर पांघरली, चारी बाजूंनी नीट खोचून, आणि वर झेंडूची जाड माळ ठेविली. टाळ्या पडल्या. आरती सुरू जाहली, आणि दुसरी आरती अर्ध्यावर असता करपल्याचा वास आला, तो सर्वांनी कापराचा समजिला, आम्हीही. मग शालीतून धूर निघाला आणि डब्यातून फट् असा आवाज जाहला, आणि डब्याने मरता मरता भलतीच वीज सोडिली असावी, कारण पाचही यंत्रांचे दिवे एकदम मालवले आणि पुन्हा कधी लागले नाहीत. एका स्वयंपाकिणीने मुख्य बटण पाडिले, म्हणून मांडव वाचला. बटण वर केल्यावर कोपऱ्यातले सहावे यंत्र आपल्या छोट्या अडॅप्टरवर पुन्हा गुरगुरू लागले. त्याकडे कोणी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा, सोने लुटण्याच्या आधी दरबार भरला आणि महाराजांनी विचारिले, "दोष कोणाचा?" आम्ही उभे राहून बोलिलो, "जोडणी अनसूयाबाईंची." यात एक अक्षर खोटे नव्हते, आणि सारेच खोटे होते. महाराज बोलिले, "मग तैसे लिहा." आणि आम्ही आमच्या वळणदार अक्षरात दफ्तरी लिहिले की तारनीस अनसूयाबाई यांच्या हलगर्जीने पाच यंत्रे दग्ध जाहली. त्या दरबारी रीत ऐसी की दफ्तरी उतरले त्यावर तोंडी वाद घालू नये. अनसूयाबाई समोर उभ्या होत्या आणि आमच्याकडे नव्हे, मेजावरच्या शालीला पडलेल्या भोकाकडे पाहात होत्या. त्या इतकेच बोलिल्या, "पंत, शाल कुणी घातली तेही लिहा."

आम्ही लेखणी टाकिली. ओळ पुरी जाहली असे म्हटले. अनसूयाबाईंचा हुद्दा गेला, आणि ज्याच्या नावे ऐसी नोंद पडली त्याच्या हातची तार या राज्यात कोणी घरात घेत नाही, म्हणून त्यांस राज्यही सोडावे लागले. जाताना त्यांनी सहाव्या यंत्राचा अडॅप्टर काढून नेला नाही, तो त्यांचा स्वतःचा असून.

मग पौषमासी शेजारचे राजे पुन्हा आले आणि त्यांनी विचारिले, तुमची खाण कैसी चालते? महाराज लाजेने विडाच लावीत बसले, तेव्हा कोणी तरी कोपऱ्यातले यंत्र आणून पुढे ठेविले. ते श्रावणापासून एक दिवस न थकता चालत होते. नाणे एकही सापडले नव्हते, परंतु चालत होते. पाहुण्यांनी अडॅप्टर हाती घेऊन पाहिला आणि थक्क होऊन बोलिले, "आमच्याकडे मोठ्या डब्यापायी दोनदा यंत्रे गेली. हा नेमका वीजपुरवठा निवडिला कोणी?" दरबार आमच्याकडे पाहू लागला, कारण निवड आमची हे सर्वांस ठाऊक. आम्ही मान खाली घातली. घशापर्यंत नाव आले होते, शपथेवर सांगतो, आले होते. परंतु दरबाराने ती मान खाली घालणे म्हणजे विनय समजिला, आणि महाराज गहिवरून बोलिले की आमच्या पंतांस स्वतःचे कौतुक सोसत नाही, शाल आणा. शाल आली. तीच, भोकास जांभळ्या दोऱ्याने रफू केलेली. ती आमच्या खांद्यांवर पडली आणि रफूची जागा नेमकी मानेशी आली आणि टोचू लागली. लोक टाळ्या वाजवीत होते. धरणीने पोटात घ्यावे असे वाटले, परंतु आम्ही हात जोडून उभे राहिलो आणि टाळ्या संपेपर्यंत हललो नाही.

त्या दिवसापासून अन्न गोड लागेना. आम्ही रोज उठून त्या अडॅप्टरास हाताची उलटी बाजू लावीत असू, आणि तो कोमटच लागे, आणि दिवसाची सुरुवातच तोंडात मारल्यासारखी होई. मग माघमासी बाईंचा ठावठिकाणा काढून, पेटीतून शाल काढून घेतली आणि शेजारच्या राज्यातल्या आठवडेबाजारी गेलो. तेथे अनसूयाबाई चिंचेखाली एक फळी मांडून मिक्सर दुरुस्त करीत बसल्या होत्या. आम्हांस पाहून त्यांनी स्क्रू बशीत ठेविले आणि बोलिल्या, "या पंत. काय बिघडलं?"

आम्ही शाल त्यांच्यापुढे ठेविली आणि बोलिलो, "ही तुमची. मी चुकलो, अनसूयाबाई. आणि चुकलो एवढंच नाही, खोटं लिहिलं."

त्यांनी शालीस हात लाविला नाही. रफूची जागा मात्र निरखून पाहिली. मग विचारिले, "सहावं चालतंय का?"

"चालतंय. कोमट लागतं."

त्यांच्या तोंडावर अंमळ हसू आले आणि लगेच गेले. "मग बरं आहे. शाल घेऊन जा, मला तिचं काय करायचं? इथं मला सगळे ताई म्हणतात, पोटापुरतं काम आहे. पण माझी लेक तिकडे तुमच्या राज्यात दिली आहे. ती घरात नुसता दिवा लावायला गेली तरी सासू म्हणते, तू नको हात लावू, तुझ्या आईचं दफ्तरात लिहिलंय. मला इथं चिंचेखाली माफी मागून काय उपयोग? जिथं लिहिलंत तिथं पुसा."

"दरबारात मला सगळे हसतील," ऐसे आमच्या तोंडून निघून गेले. निघाल्यावर आम्हांस आमचीच शिसारी आली.

अनसूयाबाईंनी स्क्रू पुन्हा हाती घेतले आणि मान वर न करिता बोलिल्या, "हो, हसतील. माझ्या लेकीला चार महिने हसतायत."

आम्ही परत आलो. शाल पेटीत ठेविली नाही, महाराजांपुढे ठेविली आणि सारे सांगितले, बाराचा डबा, सोनेरी लेबल, हो म्हटलेले, न मालविलेले दिवे, खोचलेल्या चारी बाजू. दरबार हसला. पुष्कळ हसला. महाराज मात्र हसले नाहीत, ते बोलिले की नोंद फिरवा आणि बाईंस सन्मानाने बोलवा. जुन्या ओळीवर काट मारून खाली खरी नोंद लिहिली, तिची नक्कल आम्ही स्वतः त्यांच्या लेकीच्या घरी जाऊन, सासूबाईंस समोर बसवून, वाचून दाखविली. बोलावणेही गेले. अनसूयाबाईंचा निरोप आला की नोंद पोहोचली, लेकीने काल घरातला फ्यूज बसविला, मी येत नाही, अडॅप्टर नीट पुसत जावा.

तात्पर्य हेच की यंत्रे सहा आणिली, पाच गेली, एक राहिले. राहिले ते ज्यांच्यामुळे, त्यांचे नाव अनसूयाबाई तारनीस. गेली ती ज्याच्यामुळे, त्याचे नाव येथे घालावे म्हणून तीन वेळा लेखणी टेकविली आणि तीनही वेळा उचलिली. इतकी लाज अद्याप शिल्लक आहे. परंतु अक्षराचे वळण बदलिले नाही. ती खोटी नोंद आणि ही बखर ज्यास पाहणे असेल त्याने शेजारी शेजारी ठेवून पाहावी.