अखेरनवीस विसाजीपंत कुलुपाशी तिष्ठले त्याची हकीकत

श्री विद्युद्देवता समर्थ. जिच्या कृपेने राज्य चाले आणि जी रुसता राज्य विझे, तीस दंडवत घालून लिहितो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, एका संगणकाचे पोटी अनाम राज्य नांदत होते, त्यात सरदार आठ, आणि आठांमध्ये दप्तरखाना एक, आणि त्यास कुलूप एक, किल्ली एक. दंडक असा की, ज्याचे हाती किल्ली त्याने आत शिरून लिहावे आणि इतरांनी दाराशी तिष्ठावे, किल्ली हाती येईतो पाऊल हलवू नये. आणि दुसरा दंडक असा की, राज्यास मरण ओढवले तर जो जेथे असेल त्याने तेथेच थिजावे, एकट्या अखेरनवीस विसाजीपंतांनी चालते राहून मरणाचे कारण दप्तरी लिहावे, म्हणजे बाहेरील धनी ते वाचून दुरुस्ती करितील. दोन्ही दंडक उत्तम. दोहोंची गाठ पडेल हे करणारांस सुचले नाही. शहाण्यांचे असेच असते.

मग जाहले असे की, एक सरदार पागेत गेला आणि रिकाम्या खुंटीस घोडा समजून वर मांड टाकावयास गेला, तो उताणा पडला आणि त्यासरशी राज्य कोसळले आणि सर्व थिजले. पंत पगडी सावरीत दप्तरखान्याशी धावले आणि फटीतून पाहतात तो आत सदोबा कारकून, किल्ली कमरेस, लेखणी उगारलेली, तसाच थिजलेला. "सदोबा, दार उघडा हो! फार तातडीचं आहे!" सदोबा दगड. मग पंत दंडकास स्मरून उभे राहिले, आणि उभेच राहिले.

तटाबाहेर धोंडजी पहारेकरी होता. त्याचे काम इतुकेच की, आत हालचाल न दिसल्यास दहा टोल द्यावे आणि मग दिवा मालवून राज्य नव्याने उठवावे. नवे राज्य उठे, परंतु आतल्या कोणास मागले काही आठवत नसे. सात टोल जाहले तेव्हा तो ओरडला, "पंत, तीनच उरले. कारण लिहिलंत का?"

"किल्ली यायची आहे."

"आणणार कोण? किल्लीवालाच थिजलाय. मागल्या तिन्ही मरणांत आपण इथंच उभे होता!"

पंत गर्रकन वळले. "मग आजवर बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं?"

आठवा टोल जाहला. पंतांस मोठी शरम वाटली आणि तीहून मोठा संताप आला, आणि मग त्यांनी दारास एक लाथ घातली, ते न उघडे, तेव्हा दुसरी घातली नाही, आणि दाराशेजारच्या शेगडीतला कोळसा उचलून दप्तरखान्याच्या बाहेरल्या भिंतीवर, जी राज्य बुडाले तरी पुसली जात नाही, लिहिले, "सरदार रिकाम्या खुंटीवर बसला. मरणसमयी कुलूप एकदा ढकलून पाहावे, न उघडल्यास वाट पाहू नये, येथे लिहावे." आणि कोळसा टाकिला तो दहावा टोल जाहला.

धन्यांनी ते वाचिले आणि खुंटीस आडकाठी घातली आणि भिंतीवरील अक्षरे तोच नवा दंडक केला. मग राज्य उठले आणि पंतही उठले आणि भिंत पाहून भडकले, "कुणी रे भिंत काळी केली?" मग जवळ जाऊन म्हणाले, "अक्षर मात्र झोकदार आहे. कोण होता हा शहाणा?"

धोंडजी म्हणाला, "होता एक. मरता मरता झाला."

ऐसे वर्तमान घडले, घडले तैसे लिहिले. लिहावयास किल्ली लागली नाही.