गाडी डावीकडे ओढते त्याची हकिगत

वर्तमान लिहिण्यास कारण ऐसे जे, पदार्थविज्ञानाचे निवृत्त शिक्षक, शंकाशिरोमणी, प्रमाणाविना पाणीही उकळले असे न मानणारे राजमान्य सरसाहेब यांनी आपल्या जुन्या मोटारीच्या ब्रेकनिमित्त थोर मोहीम केली आणि तीत फत्ते पावले. जे पाहिले ते पाहिले म्हणून लिहिले आहे, जे ऐकिले ते ऐकिले म्हणून, आणि जे मेहुण्यांनी सांगितले ते निम्मे करून.

मोटार बहुत वर्षांची. रंग उडालेला, दारे आपटल्याशिवाय न लागणारी, परंतु खाशांची, म्हणजे खुद्द सरसाहेबांची, मर्जी तिजवर अपरंपार. शहराच्या उताराखाली त्यांच्या पत्नी बाईसाहेब यांच्या धाकट्या भगिनीचे घर आणि तेथे आठवड्याची स्वारी ठरलेली. एके दिवशी स्वारी फाटकाशी पोहोचली, खाशांनी ब्रेक दाबिला आणि मोटार थांबली खरी, परंतु थांबता थांबता डावीकडे झुकली आणि फाटकाजवळील गुलाबाच्या कुंड्या जमीनदोस्त जाहल्या. बाईसाहेब डाव्या आसनावर विराजमान होत्या, सबब कुंड्यांचा अंत त्यांनी अगदी जवळून अवलोकिला.

येथे मागील वर्तमान सांगणे प्राप्त आहे. बाईसाहेब कैक वर्षे अर्ज करीत होत्या की, "अहो, गाडी डावीकडे ओढते." आणि कैक वर्षे हुजुरातून एकच जबाब येत असे की, रस्त्याचे पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतार दिलेला असतो, गाडी उताराकडे जाते, साधे विज्ञान आहे. या जबाबाने बाईसाहेबांचे समाधान न होता त्यांनी स्वसंरक्षणाची तजवीज केली होती. प्रत्येक वळणावर त्या उजव्या पायाने समोरील मॅट दाबीत. तेथे ब्रेक नव्हता. तरीही दाबीत. मॅटला त्या ठिकाणी भोक पडले होते, आणि खाशांनी त्याचे कारण निकृष्ट रबर असे ठरविले होते.

कुंड्या पडल्या त्याच दिवशी फर्मान सुटले की, ब्रेक नीट होईतो आम्ही पुढील आसनावर बसणार नाही. आणि बाईसाहेब मागे बसू लागल्या. पुढे एकटे सरसाहेब, मागे बाईसाहेब, ऐसा थाट झाल्याने मुलखात भलताच समज पसरला. बँकेच्या दारातील पहारेकऱ्याने खाशांस सांगितले, "ड्रायव्हर, मॅडमना सोडा आणि गाडी पलीकडे लावा." खाशांनी गाडी पलीकडे लाविली. परंतु तो घाव खोल गेला, आणि डावे आसन परत जिंकल्याविना जिण्यात राम नाही, ऐसा निश्चय त्यांनी तेथेच केला.

मग मोटारीचे हकीम, गॅरेजवाले, यांस नाडी दाखविली. हा पुरुष हुन्नरी, परंतु जिभेस ब्रेक म्हणून नाही. त्यांनी निदान केले की पुढील चाकांचे ब्रेक पॅड झिजून पापड जाहले आहेत, नवे घालावे. कोणते घालावे, येथून युद्ध पेटले. सरसाहेब अस्सलच्या पक्षाचे, म्हणजे गाडीच्या कंपनीने आपल्या खोक्यात घालून दिलेले. बाईसाहेबांचे धाकटे बंधू, म्हणजे मेहुणे, बाहेरच्या कंपनीचे सरसेनापती.

"बायकोचा जीव मी डुप्लिकेटवर टांगू?" खाशांनी विचारले.

"डुप्लिकेट नाही हो, भाऊजी. दुसऱ्या कंपनीचे आहेत, रीतसर चाचणी झालेले. नकली वेगळं आणि दुसऱ्याचं वेगळं," मेहुण्यांनी अर्ज केला, आणि मग मर्मावर बाण सोडला. "आणि खोक्यावरचं नाव वाचून विश्वास ठेवायला तुम्ही कधीपासून लागलात? प्रमाण कुठंय?"

आयुष्यभर मुलांस जे विचारिले तेच उलटून अंगावर आले. मग सरसाहेबांनी हुकूम केला की प्रयोग होईल.

प्रयोगाची रचना ऐशी. एका चाकास अस्सल पॅड, दुसऱ्यास बाहेरचे. गाडी तीच, रस्ता तोच, चालक तोच. ज्याची पकड बळकट त्या बाजूस गाडी झुकेल आणि सत्य उजेडात येईल. कोणाचे मन पक्षपाती होऊ नये म्हणून सर्व पॅडांच्या पाठी एकाच काळ्या रंगाने रंगविल्या, आणि कोणते कोठे बसविले ते एकट्या गॅरेजवाल्यांस ठाऊक राहील असे ठरले. परंतु त्यांची जीभ जगजाहीर, सबब त्यांस शपथ घातली की प्रयोग संपेतो मोटारीविषयी एक अक्षर उच्चारू नये. गॅरेजवाले बोलले, "सर, दोन बाजूंना दोन जातीचे पॅड कुणी घालत नाही. फक्त अंगणात, आणि हळू. आणि दुसरं म्हणजे, काल चाक उघडलं तेव्हा मला..." येथे खाशांनी हात वर केला. शपथ लागू झाली होती.

गॅरेजशेजारील गुदामाच्या मागे मोकळ्या अंगणात रण मांडले. जमीन सपाट असल्याची खात्री खाशांनी पाण्याची बाटली आडवी ठेवून केली. खडूची रेघ आखिली. बाईसाहेब पंच म्हणून मागील आसनावर बसल्या. मग मोटार धिम्या चालीने निघाली, रेघ येताच ब्रेक दाबिला, आणि मोटार डावीकडे झुकून उभी राहिली.

"डावीकडचे अस्सल!" सरसाहेब गर्जले.

"काहीतरीच! डावीकडचे माझे!" मेहुणे गर्जले.

गॅरेजवाल्यांच्या मुखावर नाना रंग आले आणि गेले, परंतु शपथेने ओठ शिवले होते. दोन्ही पक्षांत ऐशी खडाजंगी जाहली की गुदामावरील कबुतरे मुलूख सोडून गेली. मग मागील आसनावरून आवाज आला.

"अहो, डावीकडचे उजवीकडे लावा आणि उजवीकडचे डावीकडे. तुमचं म्हणणं खरं असेल तर आता गाडी उजवीकडे जाईल ना?"

हे तर शुद्ध प्रयोगशास्त्र, सबब सरसाहेबांनी रुकार दिला. पॅड अदलाबदल केले. मोटार पुन्हा निघाली, ब्रेक पुन्हा दाबिला, आणि मोटार पुन्हा डावीकडेच झुकली.

अस्सलही जिंकले नव्हते आणि बाहेरचेही. मेहुण्यांनी खाशांकडे पाहिले, खाशांनी आडव्या बाटलीकडे पाहिले. बाटली हलली नव्हती. येथे रस्त्यास उतार नव्हता.

"म्हणजे पॅडांचा दोषच नाही," बाईसाहेब सावकाश बोलल्या. "उजवं चाकच नीट धरत नाही. कुंड्या पडल्या तेव्हाही धरत नव्हतं, आणि मी सांगत होते तेव्हाही." मग त्यांनी गॅरेजवाल्यांस शपथेतून मुक्त केले.

"वहिनी, जाम आहे!" तुंबलेला बांध फुटला. "उजव्या चाकावर पॅड दाबणारी पकड आहे ना, तिची पिन गंजून जाम झालीय! काल उघडलं तेव्हाच दिसली! पण सर म्हणाले एक अक्षर नाही!"

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?" खासे कळवळले.

"सांगत होतो की! तुम्ही हात वर केलात!"

मेहुण्यांस हसू आवरेना, परंतु ताईंची दृष्टी पडताच आवरले.

मग पिन सोडविली, गंज खरवडला, योग्य ते ग्रीस लाविले. त्यानंतर दोन्ही चाकांस अस्सल घालून पाहिले आणि मग दोन्ही चाकांस बाहेरचे. दोन्ही वेळा मोटार सरळ उभी राहिली, दोन्ही वेळा खडूच्या रेघेवर. दोहोंतील अंतर रेघेच्या जाडीहून कमी भरले, आणि एवढा फरक चालकाच्या पायाचाही असू शकतो असे सरसाहेबांनी स्वमुखे मान्य केले. दोन्ही माल पुरेसे होते. उरला होता तो केवळ अभिमान.

तेव्हा बाईसाहेबांनी तह फर्माविला. दोहोंपैकी एक जोड गॅरेजवाल्यांनी आपल्या मर्जीने दोन्ही बाजूंस बसवावा, दुसरा बांधून डिकीत ठेवावा, आणि कोणता बसविला ते कोणासही सांगू नये. सरसाहेब मनोमन समजले की हकीम जाणता आहे, अस्सलच घालील. मेहुणेही मनोमन तेच समजले, केवळ माल निराळा. दोघांनी एकमेकांस मोठ्या मनाने क्षमा केली. गॅरेजवाल्यांवर मात्र शपथ पुन्हा लागू झाली, ही या मोहिमेतील एकमेव जीवघेणी जखम होय.

मग रविवारी स्वारी निघाली. आपल्या घराच्या फाटकापुढे मोटार उभी होती आणि सरसाहेब किल्ली फिरवीत होते. बाईसाहेबांनी मागील दाराशी थांबून क्षणभर विचार केला, मग पुढील डावे दार उघडले, बसल्या, आणि ते नेहमीप्रमाणे दोनदा आपटून लाविले. उतार लागला. वळण आले. खाशांनी रस्त्यावरून नजर न काढता कान मॅटकडे लाविले, परंतु तेथून आवाज आला नाही. भगिनीच्या फाटकाशी नव्या कुंड्या मांडिल्या होत्या. ब्रेक दाबिला, आणि मोटार सुतासारखी सरळ उभी राहिली.

"रस्त्याचा उतार दुरुस्त केलेला दिसतो," बाईसाहेब बोलल्या.

सरसाहेबांनी बहुत विचार केला आणि उत्तर दिले, "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं."

येणेप्रमाणे डावे आसन पुनश्च काबीज जाहले. कुंड्या सुखरूप. मॅटचे भोक तैसेच आहे, परंतु वाढलेले नाही. विजय अस्सलचा की बाहेरच्याचा, याविषयी प्रमाण उपलब्ध नाही, सबब लिहिले नाही.