पाटी नसलेलं ऑफिस

होणाऱ्या सासऱ्यांचा गैरसमज मी पाच मिनिटांत दूर करणार होतो! लुआनकाका बीजिंगच्या बस डेपोतून निवृत्त झालेले. मी परराष्ट्र धोरणाच्या सरकारी संशोधन संस्थेत. आणि आमचे अहवाल गुप्तचर खात्यात जातात, हे टॅक्सीवाल्यांनाही ठाऊक. म्हणून काकांनी लेकीला, छ्यूयेनला, बजावलं होतं, "हेराशी लग्न नाही. आज इथे, उद्या परक्या तुरुंगात. तू काय भिंतीशी बोलत बसणार?"

मी कसला हेर! दिवसभर फिजीची वर्तमानपत्रं वाचतो, तिथल्या मासेमारीवर दोन पानं खरडतो आणि सहाला घरी. शेवटी म्हटलं, काका, ऑफिसच बघायला चला. माझं टेबल, थर्मास, साहेबांची डुलकी काढायची खुर्ची, सगळं दाखवतो.

फाटकावर पाटीच नाही म्हटल्यावर काकांच्या कपाळाला आठी पडली. मी हसत पहारेकरी क्वोला हाक मारली. हा रोज माझ्याच सिगरेटी ओढतो. पण सोबत परका माणूस दिसला की संस्थेबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असा नियम; आणि क्वो नियमाला पक्का.

"कोण आपण?"

"अरे, मी फेइ! तिसरा मजला!"

"इथे कुठली संस्थाबिंस्था नाही. आणि फेइ तर नाहीच नाही."

तेवढ्यात संचालकसाहेबांची गाडी आली. बुडत्याला काडीचा आधार म्हणून मी काचेवर टकटक केली. साहेबांनी आधी मला, मग काकांना न्याहाळलं आणि अतिशय मायेनं म्हणाले, "दवाखाना पुढच्या चौकात आहे हं." गाडी आत गेली. छ्यूयेन हातची गेली, हे नक्की झालं.

काकांनी मला कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन वाडगाभर नूडल्स पुढ्यात ठेवल्या.

"म्हणजे तू हेर नाहीस."

"नाही, काका."

"नोकरीही नाही."

मी तोंड उघडलं. खरं सांगावं, तर पुन्हा हेर! मी नूडल्स तोंडात कोंबल्या.

"असू दे," काकांचा आवाज मऊ झाला. "संध्याकाळी घरी तर असशील."

लग्न ठरलं, आणि खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. आता सोमवारपासून डेपोत बस धुवायला रुजू व्हायचंय. काकांनी शब्द टाकलाय. सहज पगार विचारला. आमच्या संस्थेपेक्षा बरा आहे हो.