शिवेवर अडलेली वरात

स्टीलच्या डब्यावर ठेवलेला मोबाईल घर्रर्र करत थरथरला आणि मोठ्या मिनतवारीने घरात आलेली शांतता फुटली. श्वेताने झडप घालून तो उचलला. पलंगावर वैभवीने कूस बदलली, झोपेतच गालावरच्या कांजण्यांकडे हात नेला आणि नशिबाने पुन्हा निजली.

श्वेता पाय न वाजवता बाल्कनीत गेली. "हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"मी हळू बोलून काय करू?" पलीकडून जितेंद्र ओरडला. "मी पिंपळडोहात हाय. अन् माह्या कानापाशी बँडवाला हाय."

श्वेताच्या माहेरी, नरखेड तालुक्यातल्या पिंपळडोहला, आज तिच्या धाकट्या बहिणीचं, पायलचं लग्न होतं. चार दिवसांपूर्वी वैभवीच्या अंगावर कांजण्या उठल्या आणि मायलेकी शहरातल्या मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये अडकल्या. थोरला जावई म्हणून वरातीच्या स्वागताला एकटा जितेंद्र गेला होता.

"वरात आली का?"

"आली. पण आली नाही."

"म्हणजे काय?"

"शेजारच्या भोरखेडीत येऊन थांबली. बायजाबाईच्या विहिरीपाशी. आम्ही इकडं नाल्याच्या रपट्यावर, शिवेच्या दगडाजवळ आरत्या घेऊन उभे. मधात एक किलोमीटर रस्ता. ते म्हणते, आम्ही तुमच्या शिवेवर पोचलो, न्यायले या. तुझे बाबा म्हणते, माझी शीव इथं हाय, तुम्ही इथं या."

श्वेताला घाम फुटला. तो एप्रिलचा नव्हता.

नवऱ्या मुलाचे काका वामनराव हे प्रकरण बैठकीपासूनच सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या लग्नात मुलीकडच्यांनी सीमांतपूजन गावच्या शिवेवर न करता अलीकडच्या पेट्रोल पंपावरच उरकून घेतलं होतं. नवरदेवाचे पाय धुतले ते हवा भरायच्या नळीशेजारी. तेव्हापासून वामनरावांनी मनाशी गाठ बांधली होती : शीव म्हणजे शीव. तिथे ओवाळून नेल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही, आणि शीव कुठे आहे हे मुलीकडच्यांना विचारायचं नाही.

"मग त्यांना शीव कोणी सांगितली?" श्वेताने विचारलं. विचारताना तिचा आवाज आधीच बारीक झाला होता.

"मोबाईलनं. त्यांच्या भाच्यानं नकाशा काढून देला. त्याच्यात पिंपळडोहची रेघ चांगली ठसठशीत हाय, विहिरीच्या पलीकडून गेलेली. वामनराव म्हणते, माणूस खोटं बोलन, नकाशा काहून बोलन?" बँड थांबला तसा जितेंद्रचा आवाज आणखी मोठा वाटला. "ज्यानं कोणी ही रेघ मारली ना श्वेता, तो मले एकदा भेटला पाहिजे."

तो श्वेताला रोजच भेटत होता, आरशात.

वैभवी दुपारी झोपली की श्वेताच्या वाट्याला जो अर्धा-पाऊण तास येई, त्यात ती लॅपटॉप उघडून बसे. कोणीही भर घालू शकेल, कोणीही दुरुस्त करू शकेल असा एक नकाशा तिला सापडला होता. मनीषनगरमधल्या गल्ल्या, दवाखाने, दळणाची गिरणी, सगळं तिने त्यात नोंदवलं होतं. मग एका दुपारी तिने पिंपळडोह शोधलं, तर नुसता एक ठिपका. रस्ता नाही, शीव नाही, बाबांचं घर नाही. तिला वाईट वाटलं. तिने पडद्यावर एकेक बिंदू टिचकत गावाभोवती रेघ ओढायला घेतली. संत्र्याचे बगीचे आत घेतले, मारुती आत घेतला. भोरखेडीच्या अंगाला आल्यावर बायजाबाईची विहीर लागली. त्या विहिरीत ती पोहायला शिकली होती, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. ती विहीर आपल्या गावाबाहेर असेल हे तिच्या मनात आलंच नाही. तिने एक बिंदू पलीकडे टाकला, विहीर अलगद आत घेतली आणि वैभवी उठायच्या आत लॅपटॉप मिटला. तीच रेघ आता भाच्याच्या मोबाईलवर होती.

"तुम्ही फोन ठेवा," ती म्हणाली. "थोडा वेळ वामनरावांना बोलण्यात गुंतवा."

"कायच्या बोलण्यात? ते माह्यासंग बोलून नाही राहिले. अन् मुहूर्ताले तासही नाही उरला."

लॅपटॉप सुरू होईपर्यंत पुन्हा मोबाईल थरथरला. आता बाबा, नत्थूजी.

"पोरी, तुह्या मावश्या उन्हात उभ्या हायेत. आरतीतला दिवा दोनदा विझला."

"बाबा, मग तुम्हीच जरा पुढे जा ना विहिरीपर्यंत. एक किलोमीटर तर आहे."

"दुसऱ्याच्या शिवेत जाऊन आपल्या जावयाचे पाय धुवू? गाव काय म्हणन मले? पोरगी देतो म्हणून गावही देऊन टाकलं?" नत्थूजींचा आवाज खाली आला. "ते बस वळवतो म्हणून राहिले. पायल आत बसली हाय हळदीच्या अंगानं. तिले अजून सांगतलं नाही."

श्वेताच्या डोळ्यांसमोर पायल आली. तिने घाईघाईने नकाशा उघडला. रेघ तिला दिसत होती. विहिरीपलीकडचा तो बिंदू मागे ओढून रपट्यावर आणून ठेवायचा, एवढंच काम होतं. तेवढ्यात तिसऱ्यांदा फोन.

"आता नवीनच झालं," जितेंद्र म्हणाला. "बायजाबाई आली. तिनं भाच्याच्या मोबाईलात पाहून घेतलं."

"काय पाहिलं?"

"तिची विहीर पिंपळडोहात हाय ते. तिनं ट्रॅक्टर आणून रस्त्यात आडवा लावला. आता बस पुढं बी येत नाही अन् मागं बी जात नाही. घे, तूच ऐक."

फोनमधून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला. "चार पिढ्यांची विहीर माही! रात्रीतून तुमच्या गावात गेलीच कशी? पयले मले तिले वापस आणून द्या, मंग नेजा तुमचा नवरदेव."

"बाई, ऐक तर..." मागून कोणीतरी म्हणालं.

"तू चूप रे. तुहीच बस हाय ना ते?"

श्वेताने फोन खांद्याशी धरला, बिंदू पकडला, ओढत ओढत रपट्यापाशी आणला आणि सोडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आई, खाजतंय."

वैभवी उठून आली होती आणि दोन्ही हातांनी पोट खाजवत होती.

"खाजवू नको राजा. खाजवलं की डाग राहतात. थांब, लिंबाचा पाला आणते," असं म्हणत श्वेता कडुलिंबाची डहाळी घ्यायला स्वयंपाकघरात धावली. परत आली तेव्हा वैभवी खुर्चीवर चढून, माऊस हातात धरून शहाण्यासारखी बसली होती. खाजवत नव्हती, हे पाहूनच श्वेताचा जीव भांड्यात पडला. तिने एका हाताने लेकीच्या पाठीवरून पाला फिरवला आणि दुसऱ्या हाताने, पडद्याकडे नीट न बघता, जतन करायचं बटण दाबलं.

"भाच्याला सांगा, नकाशा पुन्हा उघड म्हणावं," ती फोनवर कुजबुजली. "जरा थांबून उघड म्हणावं."

"उघडून काय होते?"

"सांगा तर खरं."

फोन बंद झाला. मग बराच वेळ काहीच झालं नाही. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून श्वेता घड्याळाकडेच बघत राहिली. बस वळली असेल का? पायलला कोणी सांगितलं असेल का? स्वतःहून फोन करायची तिची छाती होईना. वैभवीच्या पाठीवरून पाला फिरवता फिरवता पानं गळून गेली आणि नुसती काडी हातात उरली.

शेवटी मोबाईल थरथरला. तिने तो स्पीकरवर टाकला. पलीकडून बँडचा एवढा आवाज आला की ती दचकली.

"श्वेता! अवं, जमलं!" जितेंद्रला धाप लागली होती. "रेघ सरकली. आमच्या डोळ्यांदेखत सरकली. वामनराव म्हणे, पहा, नकाशा आपली चूक कबूल करते, माणूस करत नाही. आता जिथं रेघ, तिथं आम्ही."

"रपट्यावर आले ना?"

"रपटा कुठचा? रेघ तर सिधी आपल्या अंगणात आली. घर अन् मांडवाच्या मधून. मांडव पिंपळडोहात, घर भोरखेडीत. वरात रपटा ओलांडून दारातच आली. मावश्या शिवेच्या दगडापासून आरत्या घेऊन पळत आल्या माघारी. मांडवाच्या तोंडाशी झालं पूजन."

श्वेता खाली बसली. "आणि ट्रॅक्टर? बायजाबाई?"

"ते तर ट्रॅक्टर घेऊन सगळ्यात पुढं होती. म्हणे, विहीर वापस आली अन् वरून नत्थूजीचं घर बी आमच्या गावात आलं. आता पायल आमच्या गावची पोर झाली, तिची वरात मी काहून अडवू? आहेर बी केला तिनं. आता पंगतीत वाढायले उभी हाय, अन् सगळ्यायले आग्रह करकरून बुंदी वाढून राहिली."

मागून पंगतीचा गलका ऐकू आला. त्यातच नत्थूजींनी फोन हिसकला असावा. "पोरी, लागलं बरं लग्न, मुहूर्तावर. कोण भला माणूस होता देव जाणे, ऐन वक्तावर त्यानं शीव दारात आणून देली." "तू पाहिजे होती वं इथं."

फोन बंद झाल्यावर श्वेताने डोळे पुसले आणि लॅपटॉपचा पडदा नीट पाहिला. रेघ रपट्यापर्यंत शहाण्यासारखी येत होती, आणि तिथून एक टोकदार चोच काढून थेट गावात घुसली होती. चोचीचं टोक बाबांच्या अंगणात होतं. ज्या घरासाठी तिने ही सगळी रेघ ओढायला घेतली होती, तेच घर रेघेबाहेर राहिलं होतं.

संध्याकाळी पाठवणी होईपर्यंत याला हात लावायचा नाही, असं तिने ठरवलं.

वैभवीने गालावरचं बोट उचलून पडद्यावर ठेवलं. "आई, हे आजोबांचं घर ना?"

"हो."

"ते आता तुझ्या गावात नाही?"

"आज नाही. उद्या परत आत घेऊ."

"आणि पायलमावशी?"

"मावशी आता तिच्या सासरी जाणार. आता ती तिथली."

वैभवीचं बोट घरावरून निघालं, रेघेवरून फिरलं, रपट्यापाशी थांबलं, तिथून वर आलं आणि श्वेताच्या हनुवटीला टेकलं.

"मग आई, तू कुठली?"