मी नाही, मशीन म्हणून राहिली

हेमराजभाऊ ऑफिसात शिरण्याआधी बाहेरच्या सगळ्यांच्या चपला एका रेषेत लावतात. गोंदियातल्या आमच्या या ऑफिसात राइस मिलसाठी सॉफ्टवेअर बनतं, आणि कोड कसा लिहायचा याचे नियम भाऊंचे. नियम मोडला की मशीन आपोआप लाल शेरा मारते. भांडायला जा, तर भाऊ हात वर करून मोकळे. "मी नाही जी, मशीन म्हणून राहिली!" म्हणे मशीन म्हणतेय! जसं काही त्या मशीनला माझ्या मावशीनं शिकवलं!

दुपारी एकला मात्र सगळ्यांच्या स्क्रीनवर उमटायचं, 'जेवायला चला.' डबे घेऊन मागच्या खोलीत जावं, तर भाऊ आधीच पेपर अंथरून बसलेले. वहिनी गेल्यापासून गोरेगावच्या घरी ते एकटेच. एसटीनं येतात, लाखोळीची डाळ नि भात आणतात, आणि आम्ही फार बडबडतो म्हणून कुरकुरतात. ती सूचना मालकांनीच बसवली असणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

मग भाऊंच्या डोक्यात किडा वळवळला. मशीन मोठे प्रोग्रॅम तपासते, पण बारक्या स्क्रिप्टांचं काय? जुन्या पावत्या पुसणाऱ्या, बॅकअप घेणाऱ्या, ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही अशा? "त्याइचे काऊन लाड?" म्हणत त्यांनी त्यांनाही तपासणी लावली. प्रत्येक फाइल कशासाठी आहे, ते तिच्या डोक्यावर लिहायचं. शुक्रवारपर्यंत पास झाली नाही, तर बाद.

पहिल्या दिवशी सगळं लालभडक. आम्ही शिव्या घालत एकेक दुरुस्त केली. शुक्रवारी एकच उरली. भाऊ दुपारभर तीच उघडून बसले होते. दोन शब्द लिहीत, पुसत. मला वाटलं, फारच किचकट दिसते.

सोमवारी एक वाजला, स्क्रीनवर काहीच नाही. कोणी टेबलावरच समोसा खाल्ला, कोणी बाहेर गेलं. मी उशिरा पाणी प्यायला मागे गेले, तर भाऊ पेपर अंथरून एकटे. डबा बंद.

"काऊन जी भाऊ, जेवले नाही?"

"भूक नाही."

मी जागेवर येऊन बाद झालेली फाइल शोधली. 'जेवायला चला' म्हणणारी तीच. लिहिणारे, हेमराजभाऊ. अरे देवा! कशासाठी, एवढंच लिहायचं होतं या माणसाला, आणि तेवढं त्याच्यानं लिहवलं नाही. मला रडू आलं आणि रागही आला.

मी फाइल परत आणली. डोक्यावर लिहिलं, 'हेमराजभाऊंशिवाय आम्हाला जेवण जात नाही म्हणून.' मशीननं मुकाट्यानं हिरवं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी एकला सूचना उमटली. भाऊ चष्मा पुसत माझ्या टेबलापाशी आले.

"ओळ लांब झाली जी."

"मशीन तर पास म्हणून राहिली, भाऊ."

"मशीनचं सोडा. मी म्हणून राहिलो," ते म्हणाले. "चला आता, डाळ थंडी होऊन राहिली."