दुरुस्ती मंडळाची दुरुस्ती

मी हात लावलेली एकही संस्था आजवर बुडालेली नाही. ही बढाई नाही, वस्तुस्थिती आहे! आमचं केंद्र गावातल्या लहानसहान संस्थांना मदत करतं. म्हणजे काही लोक लोकांना मदत करतात आणि त्या मदत करणाऱ्यांना आम्ही मदत करतो. कुणाला बैठकीला खोली देतो, कुणाला स्वयंसेवक मिळवून देतो, कुणाला नियमावली करून देतो. नियमावलीचा विभाग माझा. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या मंडळाला मी एकवीस पानी नियमावली करून दिली. ते आता फिरायला जात नाहीत, पण मंडळ कसं भक्कम आहे!

आमच्याच तळमजल्यावरच्या खोलीत दर रविवारी चौघं जमायची आणि लोकांच्या मोडक्या वस्तू फुकट दुरुस्त करून द्यायची. एक निवृत्त वायरमन, त्यांना सगळे फ्यूजकाका म्हणत. एक सायकलवाला. एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्या आलेल्यांना रांगेत बसवत. आणि चौथी माझी धाकटी बहीण. ती शिवणकाम करते, तिथे फाटक्या पिशव्या, तुटक्या चेन नीट करून द्यायची. खोलीबाहेर पंखे, मिक्सर, इस्त्र्या घेतलेल्या लोकांची ही गर्दी!

आमच्या संचालिका म्हणाल्या, "छान काम करतात हो. त्यांना काय हवंय ते जरा बघा."

मी गेलो. विचारलं, "काय हवंय?"

"एक मोठं टेबल," फ्यूजकाका म्हणाले.

"ते बघू. तुमचे अध्यक्ष कोण?"

चौघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की जणू मी चोर कोण असं विचारलं होतं.

"अध्यक्षाला काय करावं लागतं?" सायकलवाल्याने विचारलं.

"तसं काही नाही."

"मग मला नाही जमायचं. मला काम केल्याशिवाय चैन पडत नाही."

शेवटी मुख्याध्यापिकाबाई अध्यक्ष झाल्या. सायकलवाला खजिनदार झाला. "खजिना कुठाय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, येईल. "आला की हाक मारा," म्हणून तो पंक्चर काढायला बसला. मी नियमावली लिहून काढली. दुरुस्तीचा प्रत्येक निर्णय बैठकीत व्हावा. बैठकीला चारही सदस्य हजर असावेत, त्याशिवाय गणपूर्ती नाही. ज्याची वस्तू असेल त्याने निर्णयाच्या वेळी बाहेर जावं, म्हणजे कुणी आपल्या पोळीवर तूप ओढून घेणार नाही. वाचून मलाच भरून आलं!

पहिल्या रविवारी बाईंच्या अंगात जुनी शाळा संचारली.

"काका, तुमच्या शिक्षणाचा दाखला?"

"चाळीस वर्षं विजेला हात लावतोय आणि अजून जिवंत आहे. हाच दाखला!"

"जिवंत असणं ही पात्रता होत नाही," बाई म्हणाल्या. "खाली बसा."

काका बसले. बाहेरची रांग उभी राहिली, मग ताटकळली, मग पंख्यांसकट घरी गेली.

आणि नेमकं त्याच दिवशी बहिणीचं शिलाई मशीन टेबलावर होतं. मोटर जाम झाली होती. काकांनी ती आदल्या रविवारीच खोलून ठेवली होती, फक्त एक भाग बदलून परत बसवायची होती. तिच्याकडे एका शाळेचे गणवेश शिवायला आले होते आणि शाळा आठ दिवसांनी, सोमवारी उघडणार होती. गणवेश वेळेवर गेले, तर वर्षभराचं काम तिचंच. नाही गेले, तर पलीकडच्या गल्लीतला टेलर टपूनच बसला होता.

बाईंनी घंटी वाजवली. "विषय, शिलाई मशीन. वस्तू कुणाची?"

"माझी," बहीण म्हणाली.

"मग बाहेर."

ती बाहेर आली. आत तिघं उरले. बाईंनी डोकी मोजली. "गणपूर्ती नाही. आत ये."

ती आत गेली.

"गणपूर्ती झाली. विषय, शिलाई मशीन. वस्तू कुणाची?"

"बाई, आत्ताच तर सांगितलं!"

"मग बाहेर."

चौथ्या फेरीला ती माझ्यासमोर येऊन थांबली. "दादा, मी सदस्य आहे की दारातलं पायपुसणं?"

"नियम नि:पक्षपाती आहे," मी म्हणालो. "सख्ख्या बहिणीसाठीसुद्धा मी तो वाकवला नाही, यातच सगळं आलं."

"आणि गणवेश कोण शिवणार? तुझी गणपूर्ती?"

"पाचवा सदस्य घ्या की!"

"घेतला असता. त्याला महिनाभर आधी नोटीस लागते. कोणी लिहिलंय ते?"

अक्षर माझंच होतं, त्यामुळे मी विषय बदलला.

आठवडाभर मशीनचे अवयव टेबलावर पसरून होते. संचालिका दुसऱ्या संस्थांच्या लोकांना खोली दाखवायला घेऊन आल्या. रिकामी खोली, भिंतीवर नियम, मध्ये घंटी! "किती शिस्त आहे!" पाहुणे म्हणाले. एकाने हळूच विचारलं, "आणि काम कुठे चालतं?" त्याला आम्ही नियमावलीची प्रत दिली.

शनिवारी खोलीत पाहिलं, तर टेबल साफ! मशीन नाही, मोटर नाही, एक स्क्रूसुद्धा नाही. संस्थेच्या ताब्यातली वस्तू चोरीला गेली! मी धावत बहिणीचं घर गाठलं. जिन्यातच मशीनची घरघर ऐकू आली.

दार ढकललं. बहीण गणवेश शिवत होती. सायकलवाला शर्टांच्या घड्या घालत होता. बाई बटणं लावत होत्या. फ्यूजकाका मशीनशेजारी जमिनीवर बसून मोटरला कान लावून होते, डॉक्टर छातीला लावतात तसा.

मला पाहताच मशीन थांबलं.

"ही बैठक आहे?" मी विचारलं.

"छे! चहाला आलोय," सायकलवाला म्हणाला. चहा कुठेच नव्हता.

"मशीन इथे कसं आलं?"

"सायकलवर."

"परवानगी कोणी दिली?"

"नव्या मंडळाने," बहीण म्हणाली.

"नवं मंडळ? नाव काय त्याचं?"

"नाव नाही."

"अध्यक्ष?"

"नाही."

"निदान नियम तरी?"

"आहे ना, एक आहे."

"कोणता?"

"दादाला कळू द्यायचं नाही."

सगळे खाली बघू लागले. अशा वेळी माणूस सवयीवर जातो. "ठराव रीतसर झाला होता?" मी विचारलं.

बाईंनी दाताने दोरा तोडला. "एकमताने. चौघंही हजर होतो."

सोमवारी गणवेश शाळेत पोहोचले, वर्षभराचं काम बहिणीकडे राहिलं. टेलर आता तिच्याशी बोलत नाही. ती माझ्याशी बोलते, पण मोजकंच.

केंद्राच्या वार्षिक अहवालात मी खरं तेच लिहिलं: आमच्या मार्गदर्शनाने यंदा एका संस्थेच्या दोन झाल्या. त्यांतली एक उत्तम चालते.

कोणती, ते लिहायला जागा उरली नाही.